सही करण्याआधी ‘काम काय करता?’ : रजेचा दाखला आणि फिटनेस

‘साहेब, सोमवारपासूनची तारीख टाकून द्या ना जी.’ विदर्भात तालुक्याच्या गावी दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरला हे वाक्य पावसाळाभर ऐकावं लागतं. मागणारा बहुतेक वेळा लबाड नसतो. सोमवारी ताप आला, मंगळवारी नाल्याला पूर, एसटी बंद, बुधवारी कसाबसा दवाखाना गाठला. आजार सोमवारचा, पण डॉक्टरने पाहिला बुधवारी. या दोन गोष्टी कागदावर वेगवेगळ्या आणि खऱ्या कशा लिहायच्या हे ज्याला जमलं, त्याची दाखल्याची निम्मी भानगड मिटली. उरलेली निम्मी फिटनेसची, म्हणजे माणूस कामावर परत जायला योग्य आहे या दाखल्याची. तिथे चूक सहसा तारखेची नसते. माणूस कामावर नेमकं काय करतो हे न विचारताच आपण ‘फिट’ लिहून मोकळे होतो, चूक तिथे होते.

हे लिहिणं मुख्यतः खासगी दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरांसाठी आहे. दाखला मागणाऱ्यांनीही वाचावं, म्हणजे काय मागावं आणि काय मागू नये, दोन्ही कळेल.

बसल्याबरोबर दोन प्रश्न

पहिला : काम काय करता? ‘कंपनीत आहो’ या उत्तरावर थांबू नका. बुटीबोरीच्या एकाच कंपनीत एक जण खुर्चीत बसून बिलं करतो, दुसरा आठ तास भट्टीपुढे उभा असतो. जिनिंगमध्ये रेच्यावर (सरकी वेगळी करायच्या यंत्रावर) कापूस टाकणारी बाई दिवसभर रुईच्या धुळीत असते, गेटवरचा वॉचमन नसतो. बाजार समितीतला हमाल असेल तर पोतं पाठीवर घेतो की डोक्यावर, थप्पीवर चढावं लागतं का, दिवसाला साधारण किती पोती, हे विचारा. युरियाची गोणी ४५ किलोची, सिमेंटची ५० ची. धान्याचं पोतं याहून जड भरलेलं असू शकतं. भंडारा-गोंदियाच्या धानपट्ट्यात ‘शेतीचं काम’ म्हणजे रोवणीच्या दिवसांत चिखलात घोटाभर पाण्यात सकाळपासून वाकलेली कंबर. यवतमाळ-वर्ध्याकडे तेच ‘शेतीचं काम’ म्हणजे पाठीवर फवारणीचा पंप. केसपेपरवर ‘व्यवसाय : मजुरी’ एवढंच लिहिलं तर पुढचा सगळा विचार आंधळा होतो.

दुसरा प्रश्न : कागद कुणाला द्यायचा आहे? जिल्हा परिषदेच्या शाळेला, कामगार विम्याला, खाणीला, एसटी आगाराला, विमा कंपनीला की कोर्टाला? प्रत्येकाची चाल वेगळी. कामगार विम्याचा कामगार तुमचं सुंदर लेटरहेड घेऊन गेला आणि खिडकीवरून परत आला, तर दोष त्याचा नाही. तुम्ही विचारलं नाही.

तपासल्याशिवाय सही नाही, आणि तपासलेलं केसपेपरवर

दाखल्यातलं प्रत्येक विधान त्या दिवसाच्या केसपेपरवर सापडलं पाहिजे. ताप किती, नाडी, बीपी, वजन, जखम असेल तर कुठे आणि किती सेंटिमीटर, सूज कुठपर्यंत, सांधा किती वाकतो, औषध काय दिलं, तपासण्या कोणत्या सांगितल्या. वर्षभराने चौकशी लागली तर आठवण कामाला येत नाही, हा कागद येतो.

मुलाला किंवा भावाला पाठवून ‘बाबा उठू शकत नाही, लिहून द्या’ असं झालं तर दाखला देऊ नका. उठू शकत नसेल तर घरी जाऊन पाहा, किंवा जवळच्या ग्रामीण रुग्णालयात न्यायला सांगा. फोनवर ऐकून किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर रिपोर्ट पाहून दिलेला रजेचा दाखला चौकशीत उभा राहत नाही.

माणूस तोच आहे याची खात्री करा. गावात सगळे ओळखीचे असतात, म्हणून हे कुणी करत नाही, आणि मग एकाच आडनावाच्या दोन चुलतभावांत कागद बदलतो. ओळखपत्र पाहा, आधारचे शेवटचे चार आकडे केसपेपरवर नोंदवा. पूर्ण क्रमांक दाखल्यावर लिहायची गरज नाही.

तारखा चार असतात

एक, रुग्णाच्या सांगण्याप्रमाणे त्रास कधीपासून. दुसरी, तुम्ही पहिल्यांदा कधी तपासलं. तिसरी, विश्रांती कधीपासून कधीपर्यंत. चौथी, दाखला कोणत्या दिवशी दिला. या चारही एकाच ओळीत कोंबल्या की गडबड होते.

वरच्या पुराच्या उदाहरणात मजकूर असा येतो : ‘रुग्णाच्या सांगण्यानुसार दि. ७ जुलै २०२५ पासून ताप. मी दि. ९ जुलै २०२५ रोजी प्रथम तपासले. त्या वेळी ताप १०२ अंश फॅरनहाइट. आजार दोन-तीन दिवसांपूर्वी सुरू झाला असणे माझ्या तपासणीशी सुसंगत आहे. दि. ९ ते १३ जुलै २०२५, दोन्ही दिवस धरून ५ दिवस, ते कामावर जाण्याच्या स्थितीत नाहीत असे माझे मत आहे.’ सोमवार-मंगळवारचं काय करायचं ते कार्यालय ठरवेल. किरकोळ रजा टाकेल, किंवा तुमच्या ‘सुसंगत’ या शब्दावर आजारपणाची धरेल. तुम्ही खोटं लिहिलं नाही आणि त्याचं नुकसानही केलं नाही. सुसंगत वाटत नसेल, म्हणजे पाच दिवसांपासून जुलाब म्हणतो पण जीभ ओली, नाडी शांत, कातडी ताणलेली असेल, तर ते वाक्य वगळा.

दिवस मोजण्यातली चूक फार सामान्य आहे. ९ तारखेपासून ५ दिवस म्हणजे १३ पर्यंत, १४ पर्यंत नाही. ‘५ दिवस’ आणि ‘१४ पर्यंत’ असं दोन्ही लिहिलं की लिपिक कागद परत पाठवतो, आणि रुग्ण तीस किलोमीटरवरून एका आकड्यासाठी पुन्हा येतो. म्हणून तारखाही लिहा, एकूण दिवसही लिहा, आणि बोटांवर मोजून पाहा.

मागच्या तारखेला सही मात्र कधीच नाही. वैद्यक व्यावसायिकांच्या आचारसंहितेच्या २००२ च्या नियमावलीत खोटा, दिशाभूल करणारा किंवा अयोग्य दाखला दिल्यास नोंदवहीतून नाव काढण्याची तरतूद आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम २३४ मध्ये खोट्या दाखल्यावर सही करणं आणि कलम २३५ मध्ये तो खोटा आहे हे माहीत असून वापरणं, दोन्ही गुन्हे आहेत. म्हणजे ‘टाकून द्या ना जी’ म्हणणाराही अडकतो. हे त्याला नीट सांगितलं की बरेच जण स्वतःच मागे घेतात.

किती दिवसांची विश्रांती

तक्ता भिंतीवर लावून चालत नाही, पण सुरुवातीला काही अंदाज हवा. साध्या विषाणूजन्य तापाला ३ ते ५ दिवस. डेंग्यूत ताप उतरतो तेव्हाच धोक्याचा काळ सुरू होतो, म्हणून पहिला दाखला ७ दिवसांचा द्या आणि ताप उतरल्यावर दोन दिवसांत पुन्हा बोलवा. ऑगस्ट ते ऑक्टोबरात अंगावर काळ्या खपलीचा डाग, म्हणजे स्क्रब टायफसचा संशय असेल, तर डॉक्सिसायक्लिनने ताप साधारण ४८ तासांत उतरतो. अशक्तपणा मात्र आठ-पंधरा दिवस पुरतो. गवतात-धुऱ्यावर काम करणाऱ्याला पुन्हा तिथेच पाठवताना पूर्ण बाह्या, पायात बूट आणि घरी आल्याबरोबर आंघोळ हे दाखल्यासोबत तोंडी सांगा.

चिकुनगुनियाची अडचण वेगळी. ताप तीन दिवसांत जातो, बोटं आणि मनगटं कित्येक आठवडे अडकतात. कारकुनाला आठवड्याभरात पाठवता येईल. गाई-म्हशी पिळणाऱ्याला, निंदण करणाऱ्या बाईला नाही. ओला टॉवेल पिळायला द्या. पिळता येत नसेल तर विळा धरवणार नाही.

कांजण्यात सगळ्या पुळ्यांवर खपली धरेपर्यंत घरी. शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या बाईला किंवा अंगणवाडी सेविकेला जुलाब झाले असतील तर जुलाब थांबल्यावर आणखी ४८ तास स्वयंपाकापासून दूर, आणि काविळीत डोळे पिवळे झाल्यापासून किमान एक आठवडा. थुंकीत जंतू सापडलेल्या क्षयरोग्याला उपचार सुरू होऊन किमान दोन आठवडे आणि तब्येतीत सुधारणा, एवढं तरी थांबवा. सहा महिने घरी बसवायची गरज नसते. गावात ते ‘सहा महिन्यांची सुट्टी’ म्हणूनच धरलं जातं आणि नोकरी जाते.

शस्त्रक्रियेनंतरचे दिवस सर्जनच्या डिस्चार्ज कार्डावरून ठरवा, पण कामाप्रमाणे ताणा. हर्नियाची जाळी बसवलेला शिक्षक दोन आठवड्यांत वर्गात उभा राहू शकतो. हमालाला जड उचलायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि तेव्हाही पहिल्या दिवशी ५० किलो नाही. गर्भाशय काढलेल्या बाईला सहा आठवडे, रोवणीला जाणारी असेल तर आठ. मनगटाचं हाड मोडलं तर प्लास्टर पाच-सहा आठवड्यांनी निघतं, पण पकड यायला जवळपास तेवढेच दिवस आणखी जातात. प्लास्टर निघाल्याच्याच दिवशी फिटनेस मागायला येतात, देऊ नका.

कंबरदुखीत उलटं करा. पायात ताकद आहे, लघवी-संडासवर ताबा आहे, ताप नाही, तर महिनाभर खाटेवर पडून राहायला लिहून देणं हा उपकार नाही. ३ ते ५ दिवस, मग हालचाल, मग वजनाची मर्यादा घालून काम. जितकी लांब रजा, तितकी कंबर आखडते.

एका वेळी १५ दिवसांपेक्षा जास्त लिहिताना थांबून विचार करा. फ्रॅक्चर किंवा मोठी शस्त्रक्रिया नसेल तर छोटा दाखला आणि पुन्हा तपासणी हेच बरं. वाढीव दाखल्यावर आधीच्या दाखल्याचा क्रमांक लिहा, आणि तो आधीची मुदत संपायच्या आत द्या. मध्ये एक दिवस मोकळा राहिला की तो बिनपगारी होतो.

कागदावर काय हवं

२००२ च्या नियमावलीतल्या परिशिष्ट २ मध्ये रजेच्या आणि फिटनेसच्या दाखल्याचा नमुना दिलेला आहे. तोच छापून घ्या. आयुर्वेद-होमिओपॅथीच्या डॉक्टरांनीही तोच साचा वापरला तर कुणी बोट ठेवत नाही. वर रुग्णाची सही किंवा अंगठा, आणि तो तुमच्यासमोर. मग ओळखीच्या खुणा : ‘डाव्या गालावर तीळ’, ‘उजव्या कोपरावर जुन्या जखमेचा व्रण’. नाव, वय, पत्ता, काम. आजार, तपासणीची तारीख, रजेची मुदत. ठिकाण, दाखल्याची तारीख, सही, पूर्ण नाव, पदवी, नोंदणी क्रमांक.

पदवी आणि परिषद स्पष्ट लिहा. एमबीबीएस असाल तर महाराष्ट्र वैद्यक परिषदेचा क्रमांक, बीएएमएस असाल तर महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनचा. नुसतं ‘रजि. नं. ३४५’ कुणाचं तेच कळत नाही. काही कार्यालयं सरकारी दवाखान्याचाच दाखला मागतात. रुग्णाला आधी चौकशी करायला सांगा; नंतर भांडून उपयोग नसतो.

‘अशक्तपणा’, ‘तब्येत बरी नाही’, ‘पोटाचा त्रास’ हे शब्द दाखल्याला लुळा करतात. ‘तीव्र जुलाब आणि शरीरातील पाणी कमी होणे’ असं लिहा. आणि अक्षर! कार्यालयातला लिपिक केमिस्ट नाही.

रजिस्टर

शंभरपानी लांब वही घ्या, पानांवर क्रमांक टाका. रकाने : अनुक्रमांक, दिनांक, नाव-वय-पत्ता, ओळखीची खूण, काम आणि कार्यालय, आजार, कधीपासून कधीपर्यंत, रजा की फिटनेस, आधीच्या दाखल्याचा क्रमांक, घेणाऱ्याची सही. क्रमांक वर्षागणिक नव्याने : १/२०२६, २/२०२६. दाखल्याची प्रत ठेवणं बंधनकारक आहे, म्हणून कार्बन लावून दुहेरी पुस्तक छापून घेतलेलं सोपं पडतं. मोबाइलवर फोटो काढून ठेवणं हे ‘प्रत ठेवणं’ नाही. फोन नाल्यात पडला की प्रती गेल्या.

कागद हरवला म्हणून दुसरा मागितला तर वर ‘दुय्यम प्रत’ लिहा, मूळ क्रमांक आणि मूळ तारीख तीच ठेवा, देण्याची आजची तारीख खाली घाला.

फिटनेस : ‘बरं वाटतं’ म्हणजे ‘काम जमतं’ नव्हे

‘मले आता का त्रास हाय जी? देऊन टाका फिटनेस.’ इथे घाई दोन्हीकडून असते. मजुरी बुडते, म्हणून त्याला लवकर जायचं असतं. क्वचित मुकादमाला तो नकोसा असतो, म्हणून ‘पूर्ण बरा झाल्याशिवाय येऊ नको’ असा दबाव येतो. तुमचं काम एवढंच : जे तो कामावर करणार आहे, त्याचा छोटा तुकडा दवाखान्यातच करायला लावा.

उभं करून दहा उठाबशा. नाडी आधी आणि नंतर. छातीचा आजार होता तर बोटाला ऑक्सिमीटर लावून मिनिटभर खुर्चीवरून उठ-बस करायला सांगा. आकडा चारने किंवा जास्त खाली आला तर तो मेहनतीच्या कामाला तयार नाही. हमालाला पाण्याची २० लिटरची कॅन जमिनीवरून उचलायला लावा. ती साधारण २० किलोची असते, दवाखान्यात मिळते आणि फुकट आहे. कॅन उचलताना हात टाक्यांवर गेला, श्वास अडवला, तोंड वेडंवाकडं झालं, तर आणखी आठवडाभर थांबवा. ट्रॅक्टर किंवा एसटी चालवणाऱ्याला मान दोन्हीकडे पूर्ण वळवायला सांगा, ब्रेक दाबल्यासारखा पाय जोरात दाबायला सांगा, आणि चालू औषधं पाहा. झोप आणणारी गोळी सुरू असेल, नुकती आकडी आली असेल किंवा इन्सुलिनने साखर एकदम खाली जात असेल, तर गाडी चालवायला फिट नाही, मग तब्येत कितीही टणक दिसो.

नुसतं फिट किंवा अनफिट, असे दोनच पर्याय धरून बसू नका. तिसरा आहे : मर्यादेसह फिट. तो लिहिताना ‘हलके काम द्यावे’ असं लिहू नका. मुकादमाच्या लेखी ३० किलोही हलकंच. ‘दि. १ ते २१ ऑगस्ट १० किलोपेक्षा जास्त वजन उचलू नये, शिडी किंवा थप्पीवर चढू नये, बसून करायचे काम करू शकतात, दि. २२ ऑगस्टला पुन्हा तपासणी’ असं लिहा. खरं सांगायचं तर छोट्या मालकाकडे बसून करायचं काम बहुधा नसतंच, आणि असा कागद पाहून तो ‘मग घरीच रहा’ म्हणतो. म्हणून लिहिण्याआधी रुग्णालाच विचारा की तिथे असं कोणतं काम आहे, पोती मोजणं, तोलकाट्यावर बसणं, सुतळीने तोंडं शिवणं, आणि तेच नाव घालून लिहा. मालकाला शोधावं लागत नाही, म्हणून तो मानतो.

फवारणीची विषबाधा : सगळ्यात घातक घाई

२०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात पऱ्हाटीवर (कपाशीवर) फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले. रुग्णालयातून सुटी झालेला माणूस चार दिवसांनी पुन्हा पंप पाठीवर घेतो, ही गोष्ट विदर्भात तेव्हाही होती, आजही आहे. सालगड्याला रजेचा कागद कुणी मागत नाही, वर्षाचा करार पाडव्याला झालेला असतो, म्हणून डॉक्टरही काही लिहीत नाही. इथे लिहायला हवं.

ऑर्गॅनोफॉस्फरस गटातल्या औषधांनी (मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस यांसारखी) झालेल्या विषबाधेत तीन टप्पे असतात. पहिला सगळ्यांना माहीत : लाळ, घाम, उलट्या, बारीक बाहुल्या. दुसरा २४ ते ९६ तासांत : माणूस बरा दिसत असतो आणि मान, खांदे, श्वासाचे स्नायू लुळे पडू लागतात. तपासायला सोपं आहे. उताणं झोपवा, उशीवरून डोकं उचलून पाच सेकंद धरायला सांगा. धरता आलं नाही तर दवाखान्यात क्षणभर थांबवू नका, व्हेंटिलेटर असलेल्या रुग्णालयात पाठवा. तिसरा टप्पा दोन-तीन आठवड्यांनी : पोटऱ्या दुखतात, मग पाऊल लोंबतं. त्यासाठी टाचांवर चालवून पाहा.

म्हणून फिटनेस एका भेटीत देऊ नका. सुटीनंतर दोन-तीन दिवसांत एकदा आणि साधारण तीन आठवड्यांनी एकदा तपासा. रक्तातल्या लाल पेशींमधलं कोलिनेस्टरेज, म्हणजे हे विष ज्याला निकामी करतं ते एन्झाइम, रोज सुमारे एक टक्का या गतीने भरून येतं, म्हणजे पूर्ववत व्हायला तीन-चार महिनेही लागू शकतात. तोवर थोडंसं विषही जास्त भोवतं. दाखल्यात सरळ लिहा : ‘या हंगामात फवारणी करू नये, औषध कालवू नये, नुकत्याच फवारलेल्या शेतात जाऊ नये. डवरणी, पाणी देणे, गुरे सांभाळणे ही कामे दि. … पासून करू शकतात.’ हा कागद मालकाच्या हातात पडला की दुसरा माणूस शोधला जातो. त्या दुसऱ्याच्या तोंडावर रुमाल आणि अंगात भिजलेला सदरा असेल, तर तो तुमचा पुढचा पेशंट. विषबाधेची केस तुमच्याकडे आधी आली असेल तर पोलिसांना कळवल्याची नोंद केसपेपरवर विसरू नका.

उन्हाळ्यात याचंच भावंड म्हणजे उष्माघात. खराखुरा उष्माघात, म्हणजे अंग तापलेलं आणि माणूस बरळत होता किंवा बेशुद्ध पडला होता, अशा माणसाला किमान आठवडाभर मेहनत नाही. त्यानंतरही लिव्हर-किडनीच्या तपासण्या नीट आल्यावर सकाळी दोन तास, मग चार, असं करत आठ-पंधरा दिवसांत पूर्ण वेळेवर आणा. वीटभट्टीचा किंवा रस्त्याच्या डांबराचा मजूर असेल तर दाखल्यात वेळ घाला : ‘दुपारी १२ ते ४ उन्हातले काम नको.’

कुणाकडे काय चालतं

जिल्हा परिषद, महसूल, शाळा : महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१. वर्षाला २० दिवस अर्धवेतनी रजा जमा होते, जानेवारीत १० आणि जुलैत १०. वैद्यकीय कारणावर ती परिवर्तित करून पूर्ण पगाराची घेता येते, पण मग १० दिवसांना खात्यातून २० वजा होतात. शिक्षकांना हे तोंडपाठ असतं; नव्या ग्रामपंचायत अधिकाऱ्याला बहुधा नसतं, सांगून ठेवा. तुमचा दाखला ही शिफारस आहे, रजा मंजूर करणं अधिकाऱ्याचं काम. शंका आली तर ते जिल्हा शल्य चिकित्सकांकडे दुसऱ्या मतासाठी पाठवू शकतात. त्यात अपमान मानू नका, केसपेपरची प्रत सोबत द्या. आजारी रजेवरून हजर होताना फिटनेस लागतोच. दिवाळी किंवा उन्हाळी सुट्टीच्या तोंडावर ‘सुट्टी लागायच्या आदल्या दिवसाचं फिटनेस द्या’ अशी मागणी येते, कारण मग मधली सुट्टी रजेत धरली जात नाही. त्या दिवशी तो समोर असेल आणि तपासणीत ठीक असेल तर जरूर द्या. सुट्टी संपल्यावर येऊन मागत असेल तर नाही.

कामगार विमा, म्हणजे ईएसआयसी : महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या, योजनेत आलेल्या कामगारांना. सहा महिन्यांच्या अंशदान काळात ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असेल तर आजारपणात रोजच्या सरासरी पगाराच्या ७० टक्के, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळतात. क्षयरोग, कर्करोग यांसारख्या ठरावीक दीर्घ आजारांत पुढे ८० टक्क्यांनी वाढीव लाभ आहे. यासाठी दाखला विमा दवाखान्याच्या डॉक्टरचा, त्यांच्याच नमुन्यात लागतो, आणि तो टप्प्याटप्प्याने वाढवून घ्यावा लागतो. गावी येऊन आजारी पडलेल्या कामगाराला तुम्ही पूर्ण टिपण द्या, रिपोर्ट द्या आणि चालता येऊ लागताच विमा दवाखान्यात जायला सांगा. महिनाभर तुमच्याकडेच उपचार घेऊन नंतर एकदम गेला तर पैसे अडकतात.

खाण आणि एसटीत अंतिम फिटनेस त्यांची स्वतःची वैद्यकीय यंत्रणा ठरवते. वणी-चंद्रपूरकडचा कामगार ‘सिकमध्ये’, म्हणजे आजारी रजेवर, असेल तर तुम्ही उपचाराचा दाखला द्या आणि फिटनेससाठी त्यांच्या दवाखान्यात पाठवा. कामावर झालेली इजा असेल तर ‘रुग्णाच्या सांगण्यानुसार दि. … रोजी कामावर … पडून इजा’ हे पहिल्याच भेटीत लिहा. भरपाईच्या वेळी तेच एक वाक्य शोधलं जातं. मालकाने ‘घरी पडला असं लिहा’ म्हटलं तरी रुग्णाने सांगितलं तेच लिहायचं.

आजाराचं नाव

कार्यालयात गेलेला दाखला चहाच्या टपरीपर्यंत वाचला जातो. एचआयव्हीबाबत २०१७ चा स्वतंत्र कायदा आहे. रुग्णाच्या लेखी संमतीशिवाय उल्लेख नाही. मानसिक आजार, गर्भपात, सिकलसेल यांतही आधी विचारा. नको म्हणाला तर खरं पण मोघम लिहा : ‘अंतर्गत आजार, रुग्णालयात उपचार सुरू’, ‘शस्त्रक्रियेनंतरची विश्रांती’. मोघम लिहिणं चालतं, दुसऱ्याच आजाराचं नाव लिहिणं नाही. अधिकाऱ्याला तपशील हवाच असेल तर बंद पाकिटात, रुग्णाच्या सहीच्या संमतीसह. सिकलसेलच्या कामगाराचं नाव न लिहिताही ‘थंडीत रात्रपाळी टाळावी, पाणी पिण्यास वारंवार मोकळीक द्यावी’ एवढी अट घालता येते, आणि त्याला खरा उपयोग तिचाच असतो.

नाही म्हणताना

सरपंचाचा पुतण्या, शेजारचा मास्तर, जुना पेशंट. नकार देणं अवघड असतं, म्हणून तो आजारावर द्या, माणसावर नको : ‘मी बुधवारी तपासलं, बुधवारपासून देतो.’ तपासणीत काहीच सापडलं नाही तर ‘आज दि. … रोजी तपासले, त्रासाची तक्रार आहे, तपासणीत विशेष आढळले नाही’ असं हजेरीचं टिपण द्या. बऱ्याच वेळा तेवढंही पुरतं. लग्न, पेरणी, तेंदूपत्त्याचा हंगाम यासाठी मागणाऱ्याला किरकोळ किंवा अर्जित रजेचा रस्ता दाखवा.

आणि रबरी शिक्का. तो टेबलावर शाईच्या डबीशेजारी पडलेला असतो, कोरी लेटरहेडं ड्रॉवरमध्ये, आणि डॉक्टर दुपारी जेवायला घरी. कंपाउंडर कितीही विश्वासू असो, शिक्का खिशात ठेवा, कोऱ्या कागदावर सही करून ठेवू नका, आणि दाखल्याच्या पुस्तकातलं खराब झालेलं पान फाडू नका. त्यावर आडवी रेघ मारून ‘रद्द’ लिहा आणि दोन्ही प्रती पुस्तकातच राहू द्या.